गालिच्याची लोकर

"हात वर," अम्मी म्हणाली.

यूम्नाने एक हात वर केला. दुसऱ्या हातात चिक्की होती.

"दोन्ही."

"चिक्की चिकटेल, नानी."

"चिकटू दे. तुझ्या मामाच्या स्वेटरमध्ये मी एकदा अख्खं बोर विणलं होतं. धुतल्यावर कळलं."

जानेवारीतला रविवार होता. पनवेलला थंडी पडली होती, म्हणजे अब्बांनी पंखा पाचावरून तीनवर आणला होता. यूम्नाच्या अंगात पिवळाधमक स्वेटर चढला. त्याची एक बाही अजून व्हायची होती. मी आणि अब्बा जीव मुठीत धरून बसलो होतो. पुढचा प्रश्न आम्हाला ठाऊक होता, आणि माझी लेक जेमतेम चार वर्षांची होती.

अंगात स्वेटर चढवला की अम्मी प्रत्येकाला विचारायची, "टोचतंय का?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "नाही, अम्मी." मोहसीन, माझा धाकटा भाऊ, तर मान खाजवत म्हणायचा.

यात दोष लोकरीचा होता, आणि लोकर अब्बांची. आम्ही लहान असताना अब्बा कुवेतला एसी दुरुस्त करायचे. पहिल्या सुट्टीत त्यांनी बायकोसाठी बॅग भरून लोकर आणली. लोकरीतलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी रंग बघितले. दुसऱ्या वर्षी ते त्याच दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "घरी किती गालिचे झाले?"

पण तोवर उशीर झाला होता. दोन पोरं, अंथरुणाला खिळलेली सासू आणि समुद्रापलीकडे नवरा असलेल्या बाईला ते रंग आवडले होते. शेजारच्या नर्सबाईंकडून ती विणायला शिकली, आणि मग थांबलीच नाही. अब्बांनी आम्हा दोघांना वडाळे तलावाच्या काठावर नेऊन भेळ खाऊ घातली आणि सांगितलं, "तिला कळलं तर आणू नका म्हणेल. मग अख्खा दिवस करेल काय? रडेल. त्यापेक्षा तुम्ही जरा खाजवा."

आम्ही खाजवलं.

खरं सांगायचं तर अम्मीने आम्हाला वाढवलं ते त्या लोकरीच्याच मदतीने. मी आणि मोहसीन भांडायला लागलो की ती आम्हाला समोरासमोर बसवायची आणि लोकरीची एकच लडी आमच्या चारही हातांत अडकवायची. मग शांतपणे गुंडा गुंडाळत बसायची. हात सोडता येत नसत, त्यामुळे मारता येत नसे. फक्त जीभ बाहेर काढता येई. गुंडा पूर्ण होईपर्यंत भांडण कशावरून होतं ते आम्ही विसरलेलो असायचो.

अब्बांच्या स्वेटरची गोष्ट त्याहून अवघड. त्यांचं माप घ्यायला ते इथे नसायचे. अम्मीने त्यांच्या अंगाचा माणूस शोधला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे बळीरामकाका, अब्बांचे शाळेपासूनचे दोस्त. दर दिवाळीच्या सुमारास ती दुकानात जायची आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना उभं करायची.

"भाऊ, सरळ उभे राहा."

"सरलच उबा हाय, भाभी. पोट पुढं गेलंय, त्याला मी काय करू?"

इथे बळीरामकाकांचं पोट वाढत होतं आणि तिकडे अब्बा खुबूसच्या कोरड्या रोट्या खाऊन वाळत होते. दर वर्षी कुवेतला जाणारा स्वेटर आधीच्यापेक्षा मोठा. शेवटी शेवटी अब्बा त्यात उशी घालून फोटो काढायचे. अम्मी तो फोटो मोहल्ल्यात दाखवायची, "बघा, माशाल्लाह, तब्येत कशी झालीय."

तर, त्या रविवारी अम्मीने चष्मा कपाळावर सरकवला आणि यूम्नाला विचारलं, "टोचतंय का?"

"हो," यूम्ना म्हणाली. "खूप टोचतंय!"

अब्बा एकदम पुढे झाले. "चिक्की असेल ती. चिक्कीचा तुकडा आत गेला असेल."

"चिक्की नाही, नाना. स्वेटर टोचतोय."

अम्मीने आधी अब्बांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कॅलेंडर वाचायला घेतलं.

"कुठे टोचतंय?" तिने विचारलं.

"इथे." यूम्नाने गळ्याभोवती चिकट बोट फिरवलं.

"बरं." अम्मीने तिच्या डोक्यावरून स्वेटर काढला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "चहा ठेव गे, मुबीना. आलं जरा जास्त घाल."

एवढंच. ती रागावली नाही, रुसली नाही. चहा पिताना पापलेट किती महाग झालंय यावर बोलली. तरी सुकापूरला आमच्या घरी परत जाताना रिक्षात मी यूम्नाला म्हटलं, "नानीला असं बोलायचं नसतं. तिला वाईट वाटतं."

"मग तिने विचारलं कशाला?" यूम्ना म्हणाली.

रिक्षावाला आरशात बघून हसला.

सोमवारी पहाटे फजरची नमाज पढून अम्मी जरा आडवी झाली. अब्बा चहा घेऊन गेले, तेव्हा ती उठली नाही.

अम्मीचा चाळिसावा दिवस झाल्यावर अब्बांनी मला कपड्यांची वाटणी करायला बोलावलं. मार्च लागला होता आणि पंखा पुन्हा पाचवर होता. अम्मीच्या साड्या आणि ड्रेस मदरशातल्या बायका घेऊन गेल्या. स्वेटर कुणी मागितले नाहीत. पनवेलमध्ये मार्चमध्ये स्वेटर फुकट द्यायलाही धाडस लागतं.

तेवढ्यात बळीरामकाका आले. चप्पल काढली आणि अब्बांशेजारी बसले. अब्बांनी आतल्या खोलीतल्या ट्रंकेतून कुवेतचा शेवटचा स्वेटर काढला, शेंदरी, उशीवाला, आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घे. माप तुझंच आहे."

"अरं, पण उन्हाला किती हाय!"

"घाल म्हटलं ना."

काकांनी घातला. इतकी वर्षं कुणाच्याच अंगावर न बसलेला तो स्वेटर काकांच्या पोटावर असा बसला, की जणू अम्मी आताच शेवटचा टाका घालून उठली आहे. काकांनी खाली बघितलं, पोटावरून हात फिरवला. मग त्यांचा हात आपोआप मानेकडे गेला.

"टोचतंय का?" अब्बांनी विचारलं.

"नाय नाय," काका मान खाजवत म्हणाले. "लय मऊ हाय."

अब्बा हसले. अम्मी गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी रुमाल शोधला, तो सापडेना, म्हणून काकांच्याच बाहीला डोळे पुसले, आणि म्हणाले, "हे तर गालाला पण टोचतंय रे."

मी आतल्या खोलीत आले. अम्मीच्या खुर्चीला तिची विणकामाची पिशवी अजून लटकत होती. पिवळा स्वेटर वरच होता. बाही तशीच अर्धी, सुया तशाच खोचलेल्या. घडी मोडली तर बोटांना काहीतरी मऊ लागलं.

गळ्याला आतून अस्तर लावलं होतं. पांढऱ्या मलमलीचं, अम्मीच्या नमाजच्या जुन्या ओढणीचं. टाके इतके बारीक, की बाहेरून एकही दिसत नव्हता.

अब्बा दारात उभे होते. "तुम्ही गेलात, आणि लगेच बसली शिवायला," ते म्हणाले. "मी म्हटलं, बाही तर पुरी कर आधी. तर म्हणते, बाही होईल, पोरीला टोचतंय."

"आणखी काही म्हणाली?"

"नाही. सुईत दोरा ओवून द्या, म्हणाली." त्यांनी पिवळ्या गळ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ते बाहेर काकांपाशी गेले.

मी ट्रंकेतून माझा स्वेटर काढला. हिरवा, दहावीतला. डोक्यावरून ओढताना दोनदा अडकला आणि बाह्या कोपरापर्यंतच आल्या. पाठीवरून घाम उतरायला लागला आणि मान पेटली. मी गळ्याची कड उलटी करून बघितली. तिथे नुसती लोकर होती.

बाहेर काका अब्बांना विचारत होते, आता काढू का. अब्बा म्हणत होते, थोडा वेळ राहू दे.

मी तिच्या खुर्चीत बसले.

"अम्मी," मी मोठ्याने म्हणाले, "टोचतंय गे."