गोदेचा कान

लग्न ठरलं तेव्हा तंजावरला माहेरी माझी भवानीमावशी शेवया वाळत घालता घालता मला म्हणाली होती, "दगडवाल्यांच्या घरात पडते आहेस. मोठ्यानं बोलायला शीक. तिथं हळू बोललेलं कुणाला पोचत नाही." मी मद्रासहून नुकतीच बी.ए. होऊन आले होते. वसतिगृहाच्या बाईंनी चार वर्षं मला हळू बोलायला शिकवलं होतं, आणि हळू बोलणाऱ्याचं लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात अशी त्यांची खात्री होती. मी हसले नि मावशीला तेच ऐकवलं. तीही हसली. तिचं बरोबर होतं हे कळायला मला तीन वर्षं आणि एक मूल लागलं.

कुंभकोणमला दगड नाही. कावेरीचा गाळ इतका खोल आहे की विहीर खणली तरी खडा लागत नाही; कुत्र्याला हाकलायला लोक पायातली चप्पल काढतात. त्यामुळे सासरच्या धंद्याला गावात भलताच मान. खाण तिरुचीच्या पलीकडे, सासऱ्यांच्या आजोबांनी सरकारकडून मक्त्यानं घेतलेली. तिथून मालगाडीनं दगड येतो आणि स्टेशनामागच्या आमच्या वखारीत उतरतो. गावात असं घर नाही जिथं आमचं काही नाही: दारची पायरी, धुण्याचा दगड, डोशाचं पीठ वाटायचा रगडा, नाही तर लग्नात नवरीनं पाऊल ठेवायचा पाटा. माझे सासरे मुकुंदराव, म्हणजे मामंजी, यांना माणसांची नावं आठवत नाहीत, दगड आठवतात. रस्त्यात कुणी नमस्कार केला की विचारतात, "रगडा गुळगुळीत झाला असेल, टाकी लावलीत का?" आणि माणूस खजील होऊन म्हणतो, "लावतो या आठवड्यात."

मामंजींनी ऐकल्याशिवाय वखारीतून दगड हलत नाही, हा शिरस्ता. ते छोट्या हातोडीनं दगडावर ठोका देतात. चांगला दगड घंटेसारखा खणखणतो. आत चीर असेल तर बद्द वाजतो. खणखणला की मामंजी म्हणतात "सरी", ठीक आहे, आणि चुन्याचं बोट दगडावर उठवतात. त्या बोटाची लोकांना एवढी सवय की तिरुनीलक्कुडीहून एकानं दुसरीकडे घेतलेला पाटा बैलगाडीत घालून आणला होता, नुसता ऐकवायला.

आता माझं सांगते. गोदा झाली आणि मी पुस्तकं वाचू लागले. मुलांच्या संगोपनावरच्या एका जाड पुस्तकात लिहिलं होतं की चौथ्या महिन्यात मूल आवाजाकडे मान वळवतं. चौथ्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी मी पितळेच्या पेल्यावर चमचा वाजवला. गोदा आपली मूठ चोखत राहिली. मी डावीकडून वाजवला, उजवीकडून वाजवला, पलंगाखालून वाजवला. पाचवा महिना गेला, सहावा गेला. कधी वळायची, कधी नाही. मी वहीत लिहून ठेवत होते.

"तिला त्या पेल्याचा कंटाळा आलाय," हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, राजगोपाल. ते आडुतुरैच्या भाताच्या संशोधन केंद्रात नोकरीला आहेत. दगडवाल्याचा मुलगा ओंब्यांवरचे दाणे मोजतो याचं मामंजींना अजून हसू येतं. "मलाही आलाय," हे पुढे म्हणाले. "दुसरं काही वाजव. निदान सुरात वाजव."

गोदा आठ महिन्यांची झाली आणि मामंजी तिला रोज सकाळी कडेवर घेऊन वखारीत जाऊ लागले. नातीला धंदा दाखवतो म्हणाले. सासूबाई, गंगाबाई, म्हणाल्या, "जाऊ दे गे, तेवढाच तुला वेळ मिळेल." मला वेळ नको होता. तिथं धूळ, छिन्न्या, उडणारे कपचे. मी तिचं दूध द्यायचं निमित्त करून मागोमाग गेले आणि वखारीच्या दारातल्या नागलिंगाच्या झाडाखाली उभी राहिले.

मामंजींनी एका पाट्यावर ठोका दिला. खण्ण. गोदेनं मान वळवली, दोन दात दाखवून हसली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पण मग माझ्या लक्षात आलं की मामंजी दगडाकडे पाहतच नव्हते. ते गोदेच्या तोंडाकडे पाहत होते. ती हसल्यावर म्हणाले, "सरी." पुढचा दगड, पुन्हा ठोका, पुन्हा डोळे तिच्याकडे. म्हणजे मामंजींनाही शंका आहे. तेही माझ्यासारखेच पोरीचे कान तपासताहेत, आणि माझ्या काळजीपोटी बोलत नाहीत.

तीन दिवस मी त्या झाडाखाली उभी राहून वहीत लिहिलं. गोदा प्रत्येक खणखणीत दगडाला वळली. चौथ्या दिवशी मी धीर करून जवळ गेले आणि वसतिगृहातल्या आवाजात म्हणाले, "मामंजी, दुधाची वेळ झाली." ते दगडावरची धूळ फुंकत राहिले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा गोदा माझ्याकडे वळली, आणि ती वळली म्हणून मामंजी वळले.

"केव्हाची उभी आहेस गे?" ते म्हणाले. "हाक मारायची."

मी घरी आले. सासूबाई चिंचोके काढत बसल्या होत्या. मी म्हणाले, "मामंजींना ऐकू येत नाही."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. मग दोघींच्याही लक्षात आलं की हळू बोलायचं काही कारण नव्हतं.

"चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "डावा पार गेलाय, उजवा अर्धा आहे. खाणीत सुरुंग उडताना जवळ उभं राहायची हौस. मी आता भांडायचं सोडून दिलंय. एकटीनं किती भांडणार?"

"आणि वखार?"

"वखारीत कुणाला ठाऊक नाही, एवढं सांभाळ. तो माणूस कानावर उभा आहे. लोक दगड घ्यायला येत नाहीत, त्यांचं सरी घ्यायला येतात. ते गेलं की हे दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतील."

मला आठवडाभर त्यात गंमतच वाटली. माझी मुलगी आठव्या महिन्यात नोकरीला लागली होती, आणि बापापेक्षा तिचा हुद्दा मोठा होता.

मग मठाची तुळई आली. आमच्या गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचा भजनमठ आहे. आपल्या मराठी मंडळींचा. त्याच्या दारावरची लाकडी तुळई वाळवीनं खाल्ली होती, म्हणून कारभारी कृष्णरावांनी सात हातांची दगडी तुळई सांगितली होती. एकादशीला सकाळी ती चढवायची, संध्याकाळी तिच्याखालून सगळ्यांनी आत जायचं. लेकुरवाळ्या बायका भजनाला दारापाशीच बसतात, वारा लागतो म्हणून. मीही तिथंच बसते, गोदेला मांडीवर घेऊन.

एकादशीच्या दोन दिवस आधी तुळई उतरली. कृष्णराव स्वतः आले होते. मी झाडाखाली होते. मामंजींनी एका टोकाला ठोका दिला: खण्ण. गोदा वळली. दुसऱ्या टोकाला: खण्ण. मग मधोमध. बद्द. ओल्या मडक्यावर मारावं तसं. नेमका त्याच क्षणी एक कावळा कुणाच्या तरी न्याहारीतली इडली उचलून भिंतीवर बसला, आणि गोदा टाळ्या पिटून हसली.

"सरी," मामंजी म्हणाले आणि चुन्याचं बोट उठवलं.

मी कृष्णरावांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, त्यांनी करंगळी कानात घालून हलवली, आणि चुन्याच्या बोटाला नमस्कार करून निघून गेले. मुकुंदराव सरी म्हणाले तर खोट आपल्याच कानात असणार.

मुख्य पाथरवट स्वामीनाथ गावात नव्हता, मुलीच्या लग्नाला तिरुनीलक्कुडीला गेला होता. तो असता तर मी त्याला सांगितलं असतं. हे म्हणाले, "मी बाबांना सांगतो." मी म्हणाले, "काय सांगाल?" ते चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "तूच सांग." दिवसभर मी वाक्यं रचली. प्रत्येक वाक्यात शेवटी तो एक शब्द यायचा, आणि तो शब्द त्यांच्या तोंडावर म्हणायचा म्हणजे त्यांच्या हातातली हातोडी काढून घेण्यासारखं होतं. न म्हणावं तर सात हातांचा दगड माझ्या मुलीच्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पान लावत बसले होते. मी गोदेला घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. मावशीनं सांगितलं होतं तशी, मोठ्यानं बोलले.

"मामंजी, गोदेला काल सर्दी होती."

"हं?"

"नाक चोंदलं होतं. सर्दीत कान बसतात. काल तिला नीट ऐकू आलेलं नाही."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोदेकडे. गोदेचं नाक कोरडं ठणठणीत होतं, तेही त्यांनी पाहिलं.

"कोणत्या दगडाला?" ते म्हणाले.

"मठाच्या तुळईला. मधोमध."

त्यांनी चुन्याची डबी मिटली. "बी.ए.त हे शिकवतात?"

"नाही. हे इथं शिकले."

"मोठ्यानं बोलायलाही इथंच शिकलीस की काय? पहिली तीन वर्षं नुसते ओठ हलवायचीस. मला वाटायचं, सून जप करते."

ते उठले. "चल. तू पण ये. पोरीला धरायला कुणी हवं."

वखारीत त्यांनी मधोमध ठोका दिला. गोदा त्यांच्या उपरण्याचं टोक चघळत राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही. त्यांनी पुन्हा एकदा ठोका दिला, उगाच, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग दोन घागरी पाणी तुळईवर ओतायला लावलं. ऊन चढलं तसा दगड वाळला, आणि मधोमध बोटभर ओली रेघ तेवढी राहिली, केसासारखी वाकडी. मामंजींनी उपरण्याच्या त्या चघळलेल्या टोकानं आपलं चुन्याचं बोट पुसलं.

कृष्णरावांना बोलावणं गेलं. मामंजी त्यांना सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "काल माझ्या नातीला सर्दी होती. तुळई परत जाईल. पुढच्या एकादशीला नवी चढवू."

"तरीच," कृष्णराव म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मी काल संध्याकाळी वैद्यांकडे जाऊन कानात तेल घालून आलो हो."

स्वामीनाथ लग्नाहून परतला, त्यानं रेघ पाहिली आणि मला झाडाखाली गाठलं. "अम्मा," तो हळूच म्हणाला, "घरी कुणाला कळू देऊ नका. चार वर्षं मी आधी ठोकून बघतो आणि वाईट दगड भिंतीमागे ठेवतो. त्यांच्यापुढे चांगलाच दगड जातो. ह्या वेळी मी नव्हतो." मी भिंतीमागे जाऊन पाहिलं. तिथं चार वर्षांचे बद्द दगड ओळीनं मांडून ठेवले होते, आणि त्यांवर वखारीतल्या बायकांचे डबे वाळत होते. पुढे तेही समजलं की गल्लीतल्या मीनाक्षीबाई नवा पाटा घरी नेला की कडीकोयंडा लावून आपण एकदा ठोकून बघतात, आणि त्यांच्यासारख्या आणखी पाच-सहा जणी. प्रत्येकीला वाटायचं, आपल्यालाच माहीत आहे.

त्यानंतर आठ महिने मी रोज गोदेला धरायला गेले, आणि मी असेन तेव्हा स्वामीनाथ वाईट दगड आधी बाजूला काढत नसे. दगड खणखणला की मी हसायची, बद्द वाजला की पदर नीट करायची. गोदा मध्येच झोपून जायची. तिचं कुणाला काही वाटेना. मामंजींनी मला कधी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाले, "पदर फार नीट करतेस हल्ली. ही गाडी खाणीलाच परत पाठवावी म्हणतो."

आता यांची बदली कोइमतूरला झाली आहे. आम्ही येऊन दोन महिने झाले. इथं दगड हवा तेवढा आहे, गोदा तो तोंडात घालते. सासूबाईंचं पत्र येतं, सर्व क्षेम. पण त्यांच्या पत्रात सर्व नेहमीच क्षेम असतं. त्यांना ताप असतानाही होतं. स्वामीनाथाचे गुडघे धरले आहेत, आता तो एक दिवसाआड येतो, असं तळाशी बारीक अक्षरात होतं. मी ती ओळ रोज वाचते. त्या आडच्या दिवशी वखारीत काय होत असेल?

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी कुंभकोणमला उतरलात, देवळं बघायला म्हणा किंवा तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला निघालात म्हणा, तर स्टेशनामागच्या वखारीत एकदा डोकावून या. नागलिंगाचं झाड आहे दारात. पाटा बघायला आलो म्हणा. मामंजींच्या उजव्या बाजूला उभे राहा आणि मोठ्यानं बोला. ते ठोका देतील आणि तुमच्या तोंडाकडे बघतील. दगड खणखणला तर हसा, चांगलं मोकळेपणी. बद्द वाजला तर हसू नका, तेवढं पुरे. आणि घरी गेल्यावर दोन ओळी मला टाका: कसे दिसले, पान खात होते का, आणि चुन्याचं बोट उठवताना हात कापत होता का.