फ्रिजला दिलेला शेक

घरात सगळे त्यांना मीटरआबा म्हणत. माणूस खोलीबाहेर पडायच्या आत ते दिवा मालवत. यंदा रात्री अंगणात पाणी गोठेल अशी कडाक्याची थंडी पडली, तसा स्वयंपाकघरातला फ्रिज त्यांनी मुलाला हाताशी धरून मागच्या बंद व्हरांड्यात हलवला.

"बाहेर फुकटची थंडी पडलीय, आणि आपण वीज जाळून ती बनवतोय!"

तेव्हापासून फ्रिज हूं की चूं करेना. आबा मिशीतल्या मिशीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी नातीचा वाढदिवस. दुपारी आबांनी वरचा फ्रीझर उघडला आणि त्यांचं धाबं दणाणलं. सुनेने हौसेने रचलेला तीन थरांचा आइस्क्रीमचा केक मऊ पडून कलला होता. संध्याकाळी मैत्रिणी यायच्या होत्या. सून आणि मुलगा कामावर.

"काटकसर वितळली वाटतं," आजी मागून म्हणाल्या.

"थांब गं जरा." आबांनी खालच्या कप्प्यात हात घातला. गारेगार! आणि यंत्र गप्प. मग डोक्यात प्रकाश पडला. थंडी जोखणारी कळ बसवलेली खालच्या कप्प्यात. व्हरांड्याच्या गारव्याने तो आपसूक गार राहिला, म्हणून कळ यंत्राला उठवतच नव्हती. वरच्याचे हाल कुत्रं खाईना.

फ्रिज एकट्याने आत ओढणं शक्य नव्हतं. कपाटाच्या तळाशी एक जुना, तापणारा पिवळा बल्ब होता. वीजखाऊ म्हणून आबांनीच हद्दपार केलेला. टेबलदिव्यात बसवून त्यांनी तो खालच्या कप्प्यात पेटता ठेवला आणि दार लोटलं.

"अहो, फ्रिजला शेक देताय? सर्दी झालीय का त्याला?"

"गारठून झोपलाय. ऊब लागली की उठेल."

थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. वीज खर्च होण्याचा आवाज आबांना जन्मात पहिल्यांदाच गोड लागला.

संध्याकाळी केक घट्ट झाला होता, पण कललेलाच.

"घसरगुंडी!" नात ओरडली. मग प्रत्येकीला उताराचाच तुकडा हवा झाला.

"मामंजी, मी केक सरळ केला होता," सून म्हणाली.

"केक सरळच आहे. घर कललंय."

रात्रीच्या जेवणाआधी फ्रिज मुकाट्याने स्वयंपाकघरात परतला. आबा मात्र अंगणात पाण्याच्या बाटल्या मांडत होते, गोठण्यापुरती जागा वर मोकळी ठेवून. सकाळी बर्फ झालेल्या बाटल्या त्यांनी फ्रीझरच्या रिकाम्या जागेत बसवल्या.

"एक खाली ठेवू?" आजींनी विचारलं.

"खाली नको! परत झोपेल तो."

"आणि तो वीजखाऊ? टाकू?"

"राहू दे," आबा म्हणाले. "अडीनडीला धावून येतो बिचारा."