देवकीच्या पोटाची मेणवडी

मित्रांनो, मी मेणाची एक म्हातारी वडी आहे. दिसते खोबऱ्याच्या वडीसारखी, पण तोंडात टाकू नका. माझ्या आत माणसाच्या पोटाचा तुकडा आहे, तांदळाच्या कणीएवढा. लॅबमधली माणसं मला ‘ब्लॉक’ म्हणतात. म्हणू देत.

तो तुकडा गोव्यातल्या सर्वण गावच्या देवकीचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी तिच्या पोटात आग पडू लागली. आधी उंडा, म्हणजे गोव्याचा गोल पाव, सुटला, मग आमटी, शेवटी नुसती पेज राहिली. तरी कपाटाच्या किल्ल्या कमरेलाच. डिचोलीच्या डॉक्टरांनी घशातून नळी घातली, पोटात जखम पाहिली आणि तिच्या कडेचा तुकडा चिमट्याने काढला. रक्त येऊ लागलं म्हणून एकच. तो त्यांनी कागदाच्या कपट्यावर नीट बसवला, औषधाच्या बाटलीत सोडला आणि बाटली घरच्यांकडे दिली, म्हापशाच्या लॅबमध्ये पोचवायला.

निघण्याआधी देवकीने बाटली उजेडात धरली.

“गो योगिता, ह्यो कसलो कचरो आत?”

“आई, डॉक्टरांनीच ठेवला असेल,” सून म्हणाली.

“डॉक्टराक केर काढूक कोणी शिकयला?” म्हणत तिने केसातल्या आकड्याने कपटा बाहेर काढला, तुकडा परत बाटलीत झटकला आणि बाटली पदराने लख्ख पुसली.

लॅबमधल्या मदतनीस शंभूने त्या तुकड्यावर गरम मेण ओतलं आणि माझा जन्म झाला. पण कागद नव्हता, मग तुकड्याची वरची बाजू कुठली हे कोणाला कळणार? तो आडवाच पडला. यंत्राच्या पात्याने माझे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले, काचेवर घेतले, गुलाबी-जांभळे रंगवले.

लॅबच्या डॉक्टर सुमनबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. काच पुढे सरकवली, मागे आणली, परत पुढे. त्यांना दिसत होती नुसती गोल गोल वर्तुळं, एकमेकांना खेटलेली. कॅन्सरमध्येही अशीच गर्दी होते. पणजीच्या सर्जनने अर्धं पोट काढायची तयारी ठेवली होती आणि त्याचा फोन सारखा वाजत होता. “अजून वाचते आहे,” एवढंच बाई म्हणायच्या. तिकडे देवकीला झोप नाही, इकडे मला चैन नाही. एकेका कापासरशी माझ्यातली कणी झिजत होती.

शेवटी बाईंनी सासू-सुनेला बोलावलं. “देवकीमावशी, परत तुकडा काढावा लागेल.”

“मी परत नळी गिळूचंय नाय. माझो घसो म्हणजे काय शेतातलो पाट?”

“बरं, बाटलीत कागद नव्हता का?”

योगिताने मान खाली घातली. सासूने मात्र वर केली. “तो मीच काढलंय. माझ्या पोटातलो तुकडो नि तेका रद्दी चिकटलेली? लोक काय म्हणतले?”

बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. “मावशी, कुळागरातली पोफळीची झाडं वरून बघितली तर काय दिसतं? शेंड्यांची गर्दी. बाजूने बघितलं तर सरळ रांग. कागदाविना तुकडा आडवा पडला नि मी तुमचं पोट वरून बघत बसले.”

देवकीने कमरेच्या किल्ल्या सावरल्या. “आडवो पडलो तर उभो कर तेका. सुनांका मी आयुष्यभर तांच सांगत इलंय.”

“पण आता कणभरच उरलाय. ह्या खेपेला चुकलं तर काही राहणार नाही.”

“कर,” देवकी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. योगिताने तिचा हात धरला, तो तिने सोडवला नाही.

शंभूने मला वितळवलं. बाईंनी भिंग लावून दाखवलं तसा त्याने तुकडा कडेवर उभा केला, मेण थिजेपर्यंत चिमटा हलवला नाही. नवी काच आली. बाई बघत राहिल्या आणि मग खुर्चीला टेकल्या. ग्रंथी पोफळींसारख्या ओळीत उभ्या होत्या. सूज होती, वरच्या चिकट थरात जखम करणारे वाकडे जंतू होते. कॅन्सर नव्हता.

देवकी औषधांवर बरी झाली. मला बघायला मुद्दाम आली. “हीच ती? इतकीशी?” म्हणाली आणि बोटाने मला हळूच पुसलं.

पुढे पुष्कळ वर्षं तिने उंडे खाल्ले, सुनेला बोल लावले आणि म्हातारपणाने गेली. मी ड्रॉवरमध्ये राहिले. उन्हाळ्यात मऊ पडते, कडेला धूळ बसते. आता कपाटं रिकामी करायचं चाललंय. रोज कोणीतरी ड्रॉवर ओढतं, “ह्या जुन्या वड्या कशाला?” म्हणतं, आणि माझा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, काही फेकण्याआधी ते तिथे कोणी आणि कशासाठी ठेवलं, एवढं विचारा. देवकीने विचारलं नव्हतं. ती सरणावर गेली, तिची राख वाळवंटी नदीच्या पाण्यात गेली. कणभर देवकी तेवढी माझ्यात उरली आहे, आणि ती अजून ताठ उभी आहे.