डाव्या कुशीतला आवाज

"तेल नको लावू वो पाठीले! पाच दिवसांवर परीक्षा आली अन् तू तेल चोपडून राहिली. डॉक्टरची नळी घसरते त्यानं."

सेवकराम असा काही दचकून उठला की सत्यभामाबाईच्या हातातली वाटी पडता पडता राहिली. पौषाचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. बुढ्याची पाठ थंडीनं उलली होती, म्हणून बिचारीनं तेल कोमट करून आणलं होतं, तर हे असं.

"पासष्टी उलटली तुमची," ती फणकारली. "लोकं या वयात नातवाईले शाळेत धाडतेत. तुमी सोताच परीक्षेले जाऊन राहिले. पास कवा होनार, ते तरी सांगा."

हा प्रश्न सगळं कोंढा गाव सेवकरामला विचारून चुकलं होतं. समोरचा धानगिरणीवाला मारोतराव तर रोज विचारायचा. "का गा सेवकराम, बावीस सालं झाले, एकाच वर्गात बसून हायेस! मास्तर बदलून पाय ना."

सेवकराम हसायचा. चिडायचं कशाला? गावात परीक्षेला जाणारा म्हातारा तो एकटाच होता.

गोष्ट अशी होती. तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या फुफ्फुसात खराबी झाली. खोकल्यातून रक्त पडायचं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात उजव्या फुफ्फुसाचा खालचा तुकडा कापून काढला आणि माणूस उभा राहिला. डावीकडं थोडी खराबी होती, ती डॉक्टरांनी तशीच ठेवली, म्हणाले, एवढ्यानं काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी दवाखान्यातून निरोप आला. छातीचं ऑपरेशन शिकणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा आहे, केस म्हणून येता का? सेवकराम गेला. स्वच्छ पलंगावर बसला. एकेक शिकाऊ डॉक्टर यायचा, त्याची छाती ठोकायचा, नळी लावून ऐकायचा आणि मग परीक्षक म्हणून आलेल्या मोठ्या डॉक्टरांपुढं जाऊन सांगायचा, या माणसाला काय झालं आहे ते.

आणि तिथंच खरी गंमत होती. उजव्या पाठीवर हा एवढा वीतभर व्रण. तो दिसला की पोट्टे तिकडंच चिकटून बसायचे. खरा प्रश्न होता डाव्या कुशीत, बगलेच्या खाली चार बोटं. तिथं मुठीत मुरमुरे चुरल्यासारखी बारीक करकर ऐकू यायची. ती ज्याला सापडली तो पास, ज्याला नाही सापडली तो पुढच्या वर्षी.

पहिल्या वर्षी एक उंचापुरा पोरगा नापास झाला आणि नळापाशी जाऊन लहान लेकरासारखा रडला. सेवकरामनं ते पाहिलं. त्याचं काळीज तुटलं. आई-बापानं किती आशेनं शिकवलं असेल पोराला! पेशंटनं तोंड उघडायचं नाही असा नियम होता, पण खोकायचं नाही असा काही नियम नव्हता. पुढच्या वर्षीपासून नळी डावीकडं वळली की सेवकरामला हलकासा खोकला यायचा. हुशार पोरं बरोबर समजायची. दरसाल पाच-सहा जण त्याच्या खोकल्यावर तरून जायचे. जाताना कुणी त्याच्या पाया पडायचं. घरी येऊन तो सत्यभामाबाईला सांगायचा, "यंदा सहा डॉक्टर केले."

तेलाला नाही म्हटलं त्याच दिवशी दुपारी फोन वाजला.

"काका, मी दामिनी बोलतेय."

डॉक्टर दामिनी. कधीकाळी ह्याच परीक्षेत त्याच्यासमोर थरथरत उभी राहिलेली पोरगी. आता तीच नागपूरला शिकवायची, परीक्षेचं सगळं तीच पाहायची.

"बोला मॅडम! तयारी झाली माही. करकर बी यंदा मस्त हाये, थंडीनं अजून वाढली."

पलीकडं ती हसली. "काका, यंदा तुम्ही येऊ नका. परीक्षेची पद्धत बदलली."

"बदलली म्हंजे?"

"आता परीक्षेत खरा पेशंट नसतो. रबराचा माणूस असतो, त्याच्या छातीत आवाज भरलेले असतात. दर आठ मिनिटांनी घंटा वाजते, सगळ्यांना एकच प्रश्न, एकच आवाज. कुणाला सोपी केस, कुणाला अवघड, असं होत नाही. शिवाय वर्षभर एकेक गोष्ट शिक्षकासमोर करून दाखवायची. नीट जमली की शिक्षक सही करणार. इतक्या सह्या झाल्याशिवाय परीक्षेला बसताच येत नाही."

"बरं हाये मंग," सेवकराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"पण तुमचा आवाज पाहिजे काका. रबराच्या माणसात भरायला. रविवारी मीच येते कोंढ्याला, मशीन घेऊन."

फोन ठेवून सेवकराम कितीतरी वेळ अंगणातच बसून राहिला. एक्स-रेची पिशवी त्यानं खुंटीवरून काढून ठेवली होती, ती सत्यभामाबाईनं परत खुंटीला लावली. दोन दिवस तो नीट जेवला नाही. त्याच्या आवडीची लाखोळीची भाजी केली, तीही चिवडून ठेवली.

"तिथं काय पगार होता का तुमाले?" शेवटी सत्यभामाबाई चिडून म्हणाली. "गेलं तर गेलं!"

"पगार नोहता वो. मान होता. दहावी नापास मानूस मी. सालातून एक दिवस माह्याबिगर डॉक्टर होत नोहते."

तिनं गुपचूप तेलाची वाटी आणली आणि त्याच्या पाठीला तेल लावलं. आता त्यानंही नाही म्हटलं नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला गाडी आली. डॉक्टर दामिनीसोबत एक सडपातळ पोरगी होती. मेघा. इकडच्याच लाखनी गावची. छातीच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेत होती, सहा वर्षांतलं शेवटचं चालू होतं.

"लाखनीची? मंग आपलीच पोट्टी हाये!" सेवकरामची कळी जराशी खुलली.

चहा झाला. दामिनीनं समजावून सांगितलं की मशीनमध्ये काकांचा श्वास भरून घ्यायचा आणि तो वर्षानुवर्षं शिकणाऱ्या मुलांना ऐकवायचा.

"वर्षानुवर्ष?" सत्यभामाबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे हा बुढा मेल्यावरबी श्वास घेईल?"

"घेतील मावशी."

"अगं माय!" ती म्हणाली, आणि उगाचच कपबशा गोळा करू लागली. तिचे डोळे ओले झाले होते, ते कुणाला दाखवायचे नव्हते.

पण श्वास भरायचा तर घर शांत पाहिजे. आणि समोर मारोतरावची गिरणी धडधडत होती. सत्यभामाबाई कंबर खोचून रस्त्यावर गेली. "ओ मारोतराव भाऊ! बंद करा ते मशीन! आमच्या बुढ्याचा श्वास भरून राहिले डॉक्टर लोकं!" मारोतरावनं थट्टेसाठी तोंड उघडलं, पण तिचा चेहरा पाहून खटका बंद केला. बाई तिथंच गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. कोणी आलं की तोंडावर बोट ठेवायची.

घरात सेवकराम शर्ट काढून खाटेवर बसला. मेघानं यंत्राची चकती आधी आपल्या तळव्यात धरून गरम केली. "थंड लागते काका, म्हणून." बावीस वर्षांत पाठीवर शेकडो नळ्या टेकल्या होत्या, पण असं कोणी केलं नव्हतं. पोरगी त्याला एकदम आवडून गेली.

"मेघा," दामिनी म्हणाली, "आवाजाची जागा तू शोधायचीस. मी सांगणार नाही. आजची ही तुझी शेवटची सही राहिलीय. जमली तरच करीन. नाही जमली तर यंदा परीक्षा नाही."

पोरीनं व्रण पाहिला आणि सगळे बसतात तशी उजवीकडं बसली. तिथं बराच वेळ ऐकलं. मग चकती पाठीच्या कण्यावरून डावीकडं आली. पोरगी आपली, लाखनीची. सेवकरामला सवयीनं हलकासा खोकला आला.

मेघाचा हात थबकला आणि नेमका बगलेकडं वळला.

"थांब," दामिनी म्हणाली. "काका, खोकला आला?"

"आला जरासा. थंडीचा."

"खोटं बोलता." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. ती त्याच्यासमोर स्टुलावर येऊन बसली. "काका, माझ्या परीक्षेत मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. तुम्ही खोकलात म्हणून मी तिथं नळी ठेवली आणि करकर आहे असं सांगून टाकलं. पास झाले. सहा महिन्यांनी एक माणूस आला. त्याच्याही पाठीवर एका बाजूला व्रण. मी तिकडंच ऐकत बसले. दुसऱ्या बाजूला छातीत पाणी भरत होतं. तो माणूस खोकला नाही, काका."

मेघानं चकती खाली ठेवली.

"वाचला का?" सेवकरामनं विचारलं.

"वाचला. माझ्यामुळे नाही. माझ्या सरांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं म्हणून."

"मंग मले तवाच काहून नाई सांगतलं, मॅडम?"

"तुम्ही दरवर्षी इतक्या आनंदानं यायचात. जीभच उचलली नाही. परीक्षक झाल्यावरही तो खोकला ऐकत आले आणि गप्प बसले. तुमच्याइतकीच माझीही चूक आहे. जास्तच आहे."

सेवकरामनं मान खाली घातली. दरसाल पाच-सहा. एकवीस सालं. शंभराच्या वर डॉक्टर त्यानं केले होते, बोटांवर मोजून बायकोला सांगितले होते. त्यातले किती जण आज कुठं कुठं कुणाच्या पाठीला कान लावून खोकल्याची वाट पाहत बसले असतील? रडणाऱ्या पोराची दया आली होती त्याला, बस. त्या पोरांच्या समोर उद्या कोण झोपणार आहे, हा विचार कधी मनात शिवलाच नव्हता.

"मी पाप केलं का मॅडम?"

"पाप कसलं काका? तुमच्या दयेवरच मी डॉक्टर झाले." दामिनीनं त्याचा हात धरला. "पण आता ही पोरगी तशी व्हायला नको."

सेवकरामनं पंच्यानं तोंड पुसलं. पाठ ताठ केली. "पोरी, पुन्हा पयल्यापासून सुरू कर. अन् मघाशी मी खोकललो, ते इसरून जा. कवा कवा मी उगाच खोकलतो."

मेघानं मॅडमकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. आता तिला खरंच कळेना की खोकला खरा होता की खोटा. तिनं पुन्हा उजवीकडून सुरुवात केली. डावीकडं आली. वर ऐकलं, मध्ये ऐकलं, खाली पाठीशी ऐकलं. मघाशी खोकल्यानं नेलं होतं, त्या बगलेपाशी मात्र गेलीच नाही.

"डावीकडं साफ वाटतंय मॅडम," ती हळूच म्हणाली.

टोपण लावलेला पेन दामिनीनं तसाच हातात ठेवला.

सेवकरामनं खाटेची कड घट्ट धरली. चार बोटं, पोरी. नुसती चार बोटं पुढं. आणि नेमका त्याच वेळी त्याला खोकला आला. खरा. छातीतून उठून घशाशी आलेला, जीव घेणारा. एकवीस वर्षं खोटा खोकलला आणि आज खरा खोकला गिळायची पाळी आली! त्यानं दात आवळले, श्वास रोखला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण तोंड उघडलं नाही. हळूहळू खोकला खाली बसला.

"काका, त्रास होतोय का? थांबू?" मेघानं विचारलं.

"नाई. ऐक तू."

"मॅडम, एकदा अजून ऐकू?"

"मला नको विचारू. अंग काकांचं आहे."

"ऐक पोरी, ऐक. मले कुटं जायचं हाये?"

मेघानं चकती पुन्हा तळव्यात गरम केली. थोडा वेळ ती त्याच्याकडं नुसती पाहत राहिली, व्रण सोडून अख्ख्या माणसाकडं. मग म्हणाली, "काका, डावा हात डोक्यावर ठेवता?"

त्यानं ठेवला. कूस मोकळी झाली. ती बोटाबोटानं खाली सरकत गेली. एके ठिकाणी थांबली. डोळे मिटले. खूप वेळ तशीच राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"इथं..." ती पुटपुटली. डोळे उघडून तिनं सेवकरामकडं पाहिलं. "काका, इथंच आहे ना?"

हो माय, हो, असं त्याच्या ओठापर्यंत आलं होतं.

"मले नको इचारू," सेवकराम म्हणाला. "तुले काय ऐकू आलं, ते पाय."

मेघानं पुन्हा डोळे मिटले आणि चकती टेकवली. बाहेर गल्लीच्या तोंडाशी सत्यभामाबाई कुणाला तरी हातानं थांबवत होती. सेवकराम डोक्यावर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडं पाहत, साधा श्वास घेत राहिला.