मंडळींचं म्हणणं

टिपणकाकांनी आयुष्यात पुष्कळ पत्रांना उशिरा उत्तरं दिली होती, पण अजिबात उत्तर न दिलेलं पत्र एकच. एका छोट्या देशाच्या अर्थखात्यातल्या बाईंचं. चार महिने ते टेबलाच्या खणात पडून होतं आणि काका तो खण उघडायचंच टाळत होते. त्यापायी खणातली कात्री, डिंक आणि बरा चष्मा या तिघांनाही ते विनाकारण मुकले होते.

बाईंनी लिहिलं होतं: 'तुमच्या टिपणातलं शेवटचं वाक्य आमच्या खात्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे: स्वयंपाक पाहुण्यांनी ठरवायचा आणि भांडी यजमानांनी घासायची, याला सहकार्य म्हणत नाहीत. आम्ही काही महिन्यांत धरणाच्या कर्जाच्या अटी ठरवायला बसणार आहोत. आराखडा देणाऱ्यांचा, पुढची तीस वर्षं निस्तरणं आमच्याकडे. तिथे हे वाक्य मांडायचं मनात आहे. पण ते मुळात कर्ज देणाऱ्यांपैकी कुणी म्हटलं, की घेणाऱ्यांपैकी? देणाऱ्याच्या तोंडचं असेल, तर त्याला वजन येईल. नाव नको, फक्त बाजू सांगा.'

बाजू! काकांना तेवढंच सांगता येत नव्हतं.

काका ज्या संस्थेत टिपणं घेत, तिथे महिन्यातून एकदा डझनभर जाणकार दार लावून बसत. श्रीमंत देशांनी आणि बड्या बँकांनी गरीब देशांना पैसा कसा द्यावा, कुठल्या अटींवर द्यावा, यावर बोलत. बाहेर हीच माणसं छापील भाषणं वाचायची. आत खरं बोलायची. नियम एकच: बोललेलं बाहेर न्यायचं, बोलणाऱ्याचं नाव न्यायचं नाही. वीस वर्षं काका कोपऱ्यात बसून लिहीत होते. 'एका सदस्याच्या मते', 'दुसऱ्या सदस्याने हसून नकार दिला', असं. या वीस वर्षांत त्या खोलीत त्यांचा आवाज म्हणून जो काही ऐकू आला, तो खोकल्याचा.

पण ते भांड्यांचं वाक्य कुठल्याच सदस्याचं नव्हतं. ते काकांच्या बायकोचं होतं.

झालं असं, की काकांचे थोरले भाऊ आणि वहिनी आठ दिवस राहायला आले होते. वहिनी रोज सकाळी अंथरुणातूनच जेवणाचा बेत जाहीर करायच्या. बैठकीच्या दिवशी सकाळी काकूंनी सिंकपाशी उभ्या उभ्या ते वाक्य टाकलं. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी खिशातल्या वहीत टिपून ठेवलं. बायकोचं नाव लिहायला ते अजून लाजत, म्हणून जुन्या सवयीने लिहिलं, 'मंडळींचं म्हणणं'. त्याच पानावर दुपारी बैठकीचे मुद्दे उतरवले.

नव्या टंकलेखिकेला मंडळी म्हणजे बैठकीला जमलेली मंडळी. बायकोला मंडळी म्हणणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने ते वाक्य सर्वांचं एकमत म्हणून शेवटी चौकटीत टाकलं, आणि काकांनी चष्मा पुसेपर्यंत संस्थेच्या संचालकबाईंनी टिपण चार खंडांत धाडलंसुद्धा.

कुणीतरी हरकत घेईल म्हणून काका वाट बघत बसले. कुणी घेतली नाही. बैठकीत आपल्याला डुलकी लागली होती हे कबूल कोण करणार? मग वाक्य गाजलं आणि एकेक जण काकांना गाठू लागला.

"ते भांड्यांचं मीच म्हणालो ना?" प्राध्यापक जिन्यात कुजबुजले. "मी बहुतेक 'भांडवल' म्हणालो होतो, तुम्ही 'भांडी' ऐकलंत. असू दे, छान झालं."

माजी मंत्र्यांना ते आपल्या जुन्या भाषणातलं वाटलं. बँकवाल्यांनी, म्हणजे देशोदेशी कर्ज देणाऱ्या त्या बड्या बँकेच्या प्रतिनिधींनी, आभार मानल्यासारखा काकांचा हात दाबला.

नऊ तारखेला सकाळी काकू कात्री शोधायला गेल्या आणि पत्र घेऊन आल्या.

"अहो, हे काय?"

काकांनी सगळं सांगितलं. काकू इतक्या हसल्या की खुर्ची धरावी लागली.

"म्हणजे मी आता आंतरराष्ट्रीय झाले! तुमच्या वहिनींना कळवा हो." मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. "या बाई बसणार कधी?"

"अठ्ठावीसला. पेपरात आलंय."

"येत्या? मग चार महिने तुम्ही करत काय होतात?"

"मायना लिहीत होतो. 'आदरणीय' जड वाटत होतं."

"धन्य आहे!"

"अगं, खरं सांगितलं तर माझ्या वीस वर्षांच्या टिपणांवर विश्वास कोण ठेवील? म्हणतील, याने आणखी काय काय घरून आणलं असेल!"

"आणि नाही सांगितलं तर? ती बिचारी चारचौघांत उभी राहून माझं वाक्य बोलणार, समोरचा म्हणणार, दाखवा कुणी म्हटलं. तिथे तिची फजिती, इथे तुमची. तुमची परवडली."

त्याच दुपारी बैठक होती. विषय संपले, तेव्हा काकांनी बोट वर केलं. संचालकबाईंना वाटलं, काकांना वारा लागतोय. त्या उठून खिडकी लावायला निघाल्या.

"खिडकी नको," काका म्हणाले. "बोलायचंय."

डझनभर खुर्च्या कोपऱ्याकडे वळल्या. काका वहीकडे बघत बोलले: भाऊ, वहिनी, सिंक, मंडळी, चौकट. शेवटी पत्र टेबलावर ठेवलं.

माजी मंत्री आधी गडगडाटी हसले. "म्हणजे आपलं एकमत काकूंनी ठरवलं!"

"तरीच म्हटलं, आपलं एकमत झालं कसं," प्राध्यापक म्हणाले. भांडवलाचा विषय त्यांनी काढला नाही.

बँकवाले मात्र पांढरेफटक पडले होते. "काका, हे आधी सांगायचंत हो. मी वरिष्ठांना लेखी कळवलंय, की वाक्य माझं आहे."

"का पण?" संचालकबाईंनी विचारलं.

"हे कुणाचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ते रागावलेले वाटले नाहीत. आता ते आमच्या नव्या धोरणाच्या मसुद्यात आहे. पहिल्या पानावर."

"मग मागे घ्या."

"एवढ्या सह्या झाल्यावर? आमच्याकडे माणूस मागे घेता येतो, मसुदा नाही."

काकांनी घसा साफ केला. "मग बाईंना तुमची बाजू कळवू का? नाव नाही, फक्त बाजू."

बँकवाले पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले. "त्या धरणाच्या बोलणीला समोर मीच बसणार आहे," ते म्हणाले. "देखभालीच्या अटी मलाही पटत नाहीत. पण वरून आलेल्या असतात. बाईंनी माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलं, तर मला हो म्हणावंच लागेल, आणि वरच्यांना नाही म्हणता येणार नाही." त्यांनी टोपण लावलं. "कळवा. पण खरी हकिगतही कळवा. नाहीतर त्याच म्हणतील, बँकेला एवढं कधीपासून सुचायला लागलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मायन्याचा घोळ न घालता 'नमस्कार' लिहिलं आणि पुढे सरकले.

'वाक्य माझ्या पत्नीचं आहे. तिने कर्ज दिलेलं नाही, घेतलेलं नाही. भांडी मात्र चाळीस वर्षं घासली आहेत. ते टिपणात शिरलं ती माझी चूक. आता देणाऱ्यांच्या बाजूने ते लेखी आपलं म्हणून स्वीकारलं आहे, आणि तसं तुम्हाला सांगायला त्यांची हरकत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कामाची असेल ती वापरा. उशिराबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही.'

काकूंनी वाचलं. "मी 'सहकार्य' म्हटलं नव्हतं. 'पाहुणचार' म्हटलं होतं."

"ते टिपताना मी जरा सुधारलं."

"मग तसं खाली लिहा. तुमचाही वाटा आहे म्हणावं."

काकांनी लाल कानांनी तेवढी ओळ घातली, हवाई टपालाची तिकिटं चिकटवली आणि कोपऱ्यावरच्या पेटीशी गेले. पाकीट फटीत अर्धं घालून ते उभेच राहिले. 'वाटा' शब्द जरा आगाऊ तर झाला नाही?

"काका, टाकताय की परत घेताय?" मागे उभ्या असलेल्या कुणा अनोळखी बाईंनी विचारलं.

"टाकतोय," काका म्हणाले, आणि हात सोडला.