चुडामणभाऊंच्या दारचा डोंगर

“गजरा, पूजानी वाळू नदीले हात जोडीसन लेवानी. कोना ढिगमाईन नही.”

हे सांगणाऱ्या सासूबाई देवाघरी जाऊन वर्षं लोटली, पण हरतालिका आली की तो आवाज गजराबाईंच्या कानाशी यायचाच.

उद्या हरतालिका. महादेवाची पिंड वाळूचीच लागते. म्हणून गजराबाई तांब्या घेऊन कोरीट गावाहून तापीवर उतरल्या, तर काठाला नुसता चिखल आणि गोटे. वाळू होती, पण नदीत नव्हती. ती वाळूचे ठेकेदार चुडामणभाऊ यांच्या खळ्यात ताडपत्री पांघरून आरामात पडली होती. पावसाळा सरला की डंपरात बसून नाशिकच्या टॉवरांना जाणार होती. गावची घरकुलं मात्र वाळूवाचून खिडकीपर्यंत येऊन थांबलेली. त्याच अर्ध्या भिंतींवर भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर ताणून बांधला होता: ‘विकासपुरुष’.

परतीची वाट खळ्यावरूनच जायची. तिथं भाऊ खुर्ची टाकून बसले होते. रिकामा तांब्या पाहून त्यांना दया आली.

“वहिनी, तांब्या लीसन कसाले फिरी ऱ्हायनात? ट्रॉली धाडू का? बठ्ठा देश या वाळूवर उभा शे!”

“देश उभा शे भाऊ,” गजराबाई हळूच म्हणाल्या, “आपलं गावच तेवढं बशी गयं.”

भाऊ खदखदून हसले. आपल्याला कुणी टोचतं आहे, हे ध्यानात यायला वेळ लागतो. भाऊंना वेळ कुठला!

गजराबाई वळल्या, तोच घराच्या मागच्या दारातून भाऊंच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, खुणेनं बोलावलं. त्यांचंही व्रत. यंदा भाऊंच्या छातीत कळ येऊन गेलेली, म्हणून तर जास्तच नेमानं.

“वहिनी, मन्हासाठे बी मूठभर वाळू आनशात का?”

“ओ बाई! तुमना दारमा डोंगर शे ना!”

वत्सलाबाईंनी ढिगाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे. आवाज आणखी उतरला.

“ती नदीले इचारीसन आनेल नही. तिनी पिंड करू, आन् त्यासनाच साठे आयुष्य मांगू? कोन्या तोंडे?”

खळ्यात भाऊ फोनवर कुणाला तरी देशाची प्रगती समजावत होते.

“आनसु,” गजराबाई म्हणाल्या. “तुमनी बी आनसु.”

त्यांनी पदर खोचला. वरच्या अंगाला, नदीला मिळणाऱ्या नाल्याचं एक अरुंद वळण आहे. तिथं डंपर उतरत नाही. ओंजळभर उरली असेल तर तिथंच. बाभळीच्या फांद्या हातानं बाजूला सारत त्या गुपचूप त्या वाटेला लागल्या.