हाजींना पडलेलं एक मत

क्रेन गल्लीत उलटी शिरली आणि तिनं आधी उम्म सबाहचं लिंबाचं झाड मोडलं. ड्रायव्हरनं खाली उतरून रीतसर माफी मागितली, मग ट्रान्सफॉर्मर सोडवायला घेतला.

तो निवडणुकीआधी हाजी मिज्बान यांनी स्वखर्चानं बसवला होता. वर त्यांचा हसरा फोटो. बसऱ्याच्या उन्हाळ्यात गल्लीला पहिल्यांदाच दिवसभर वीज मिळाली, आणि सगळ्यांनी हाजींना मत द्यायची शपथ घेतली. काल हाजी पडले. शाळेच्या दारावर निकाल चिकटवला होता. गल्लीच्या पेटीत हाजींना मत पडलं होतं, एक.

"शपथा सगळ्यांनी घेतल्या, गार हवा सगळ्यांनी खाल्ली," हाजींचा माणूस दाऊद म्हणाला. "मत एकट्यानं दिलं. हाजींना त्याचं फार कौतुक आहे. आमच्या जनरेटरची वायर त्याच्या घरी, फुकट. बोला, कोण तो?"

पाण्यासाठी निघालेल्या मोर्चात हाजींच्या बंदूकधाऱ्यांनी अबू हातिमच्या पोराचा, हातिमचा, डोळा फोडला होता. त्या डोळ्यासाठी गल्लीनं एकमेकांना न सांगता शपथ मोडली होती.

"हाजींनी स्वतःच टाकलं असेल," कोणीतरी म्हणालं.

"त्यांचं नाव इथल्या यादीत नाही."

"मग बाहेर काढा त्या मेल्याला," उम्म सबाह म्हणाली. "थोबाड तरी बघू दे!"

उस्ता खुदैर शिंपी दाराला टेकून उभा होता. आत त्याच्या बायकोचं, नजीहाचं, प्राणवायूचं यंत्र बॅटरीवर चाललं होतं. सगळेच देणार, त्यात आपलं एक कोणाला दिसतंय, असं मत देताना त्याला वाटलं होतं. ते आता शाळेच्या दारावर चिकटवलं होतं.

बॅटरी संपत आल्याची शिट्टी वाजू लागली. यंत्राचा आवाज भिंतीपलीकडे अबू हातिमच्या घरात नेहमीच जायचा. आज तो गल्लीभर गेला. खुदैरनं तोंड उघडलं.

"मी दिलं," शेजारून अबू हातिम म्हणाला.

दाऊद बघतच राहिला. "तू? अरे, तुझ्या पोराचा तर..."

"दुसरा आहे ना त्याला. वायर कुठाय?"

उम्म सबाह अबू हातिमच्या पायांपाशी थुंकली आणि घरात निघून गेली. तिच्यामागून बाकीचेही गेले. खुदैरनं उघडलेलं तोंड मिटलं.

दुपारी अबू हातिमच्या गच्चीवरून हातिम वायरचं टोक खुदैरच्या खिडकीकडे फेकत होता. पहिल्यांदा ते भिंतीवर आपटलं, दुसऱ्यांदा अलीकडेच पडलं. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही.

"उस्ता, हात जरा बाहेर काढा की," तो म्हणाला. "मला अंदाज येत नाही."

खुदैरनं हात बाहेर काढला. बोटावर मतदानाची शाई अजून होती. त्यानं तो आत घेतला आणि दुसरा काढला.